आत्याबाई पुलाजवळच का थांबायची

४ जानेवारी

मामा,

वर 'तीर्थरूप' लिहायला हात वळत नाही, म्हणून लिहिलं नाही. पूर्वी मी तुला 'अरे मामा' म्हणायचो. आता 'तुम्ही' म्हणणार आहे. परक्या माणसाला तुम्हीच म्हणतात.

आईचं पत्र आलं. तुम्ही आमच्या अंगणातून आत्याबाई दोरी लावून ओढत गॅरेजला नेलीत म्हणे. आणि आता ती बोल्ट-बोल्ट करून उघडणार आहात. कुणाला विचारून? गाडी मला दिली होतीत ना? दिलेली वस्तू परत घेणाऱ्याला आमच्याकडे काय म्हणतात ते तुमच्याच बहिणीला विचारा.

उघडून काय मिळणार आहे? एकोणीस सप्टेंबर परत येणार आहे का? त्या दिवशी माझ्या वर्गातल्या तिची, तुम्ही जिला चष्मेवाली म्हणता तिची, साडेदहा वाजता मुलाखत होती. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत एकच जागा, आणि त्या एका जागेसाठी ती वर्षभर डोळे फोडून अभ्यास करत होती. मी तिला म्हणालो, बसने कशाला जातेस, मी सोडतो. आणि तुमचा नावाजलेला हात फिरलेली ती गाडी प्रयोगशाळेपासून चार किलोमीटरवर मेली. मुलाखत गेली. ती गेली. कॉलेजात तिच्या रिकाम्या बाकाकडे बघत बसणं मला जमेना, म्हणून कॉलेजही गेलं.

आता मी इथे पंख्यांच्या कंपनीत तक्रारींच्या काउंटरवर बसतो. दिवसभर लोक बंद पंखे घेऊन येतात आणि एकच वाक्य बोलतात, "मी काहीच केलं नाही, आपोआप बंद पडला." मी लिहून घेतो. 

गाडीला हात लावू नका. भंगारात द्या.

तुमचा भाचा (नाइलाजाने)

*

११ जानेवारी

भाचेबुवा,

फोनवर तू दोन वाक्यं बोलतोस आणि तिसऱ्याला फोन आपटतोस. कागद आपटता येत नाही म्हणून लिहितोय. अक्षर लागत नसेल तर शेजाऱ्याकडून वाचून घे.

एकोणीस सप्टेंबरला तू गॅरेजमध्ये आलास. पाच गिऱ्हाइकं बसली होती. त्यांच्यासमोर तू मला भामटा म्हणालास, भंगारवाला म्हणालास. मग माझ्याच लाल रंगाच्या डब्यात माझाच ब्रश बुडवून माझ्या शटरवर लिहिलंस: 'इथे चांगल्या गाड्या बिघडवून मिळतील.' मी तुला अडवलं नाही. तुझ्या तोंडाकडे बघून वाटलं, पोराचं काहीतरी मोडलंय, ओरडू दे.

मजकूर अजून तसाच आहे. पुसलेला नाही. ज्याने लिहिला तो पुसेल. दुपारी शटर अर्धं खाली असतं तेव्हा 'बिघडवून मिळतील' एवढंच दिसतं. येणारे-जाणारे वाचतात. डॉक्टर बावीस वर्षं माझ्याकडे यायचे, आता गाडी चौकातल्याकडे नेतात. मला बघितलं की रस्ता ओलांडतात. चौकातल्याला कार्बोरेटर आणि कढई यातला फरक कळत नाही.

आत्याबाई माझी पहिली गाडी. तू जन्मलास तेव्हा ताईला आणि तुला दवाखान्यातून मी तिच्यातूनच आणलं. तेव्हाही बंद पडली होती, आणि ताई तुला पोटाशी धरून हसत होती. नंतर तिचं पूर्ण इंजिन मी या हातांनी उतरवून पुन्हा बांधलं, आणि तेव्हापासून ती बंद पडलेली नाही. निदान तुझ्या हातात जाईपर्यंत नाही.

तेव्हा ऐक. चूक माझ्या कामात निघाली तर तुझं वाक्य मी स्वतः दुप्पट मोठ्या अक्षरांत रंगवतो. नाही निघाली तर नवं वाक्य तू लिहायचं, त्याच पाच जणांसमोर.

ताई बरी आहे. तुझ्या अभ्यासाच्या दिव्याचं बटण कुठे गेलं म्हणून विचारत होती. बिचारी रोज पिन उपटून दिवा बंद करते.

मामा

*

१८ जानेवारी

मामा,

नाचता येईना अंगण वाकडं, तसं तुमचं चाललंय. मी चालवली म्हणून बिघडली? ठीक. मग यादीच घ्या. काउंटरवर याद्या करायची सवय लागलीच आहे.

डावीकडे वळलं की हॉर्न आपोआप वाजायचा. तीन महिन्यांत डावीकडच्या गल्लीतल्या सगळ्या कुत्र्यांशी माझं वैर झालं. माझ्या बाजूची काच वर राहत नसे, तिला कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा लावावा लागे. तिच्या बाजूचं दार बाहेरून उघडत नसे. म्हणून ती आली की मला आतून आडवं होऊन कडी ओढावी लागे, आणि ती वाकून आत बघत म्हणायची, "दरवान, झोपलात का?" वायपर एकच, आणि तोही पाऊस थांबल्यावर चालणारा.

आत्याबाई हे नाव तिनेच ठेवलं. म्हणाली, रुसते, उशिरा येते आणि मानपान केल्याशिवाय जागची हलत नाही.

आणि ते बंद पडणं! एकदा नाही, अकरा वेळा. प्रत्येक वेळी ओढ्यावरच्या लहान पुलाजवळ, तिथे तीन मोठी झाडं आहेत. इंजिन दोन आचके द्यायचं की खलास. मी बॉनेट उघडायचो. ती पुलाच्या कठड्यावर बसून संत्रं सोलायची, अर्धं मला, अर्धं तिला, आणि बिया मोजायची. जास्त बिया ज्याच्या फोडीत, त्याने धक्का मारायचा. मीच हरायचो. गालावर ग्रीस लागलं की ती आपल्या चष्म्याच्या रुमालाने पुसायची आणि म्हणायची, "तुझ्या मामांना म्हणावं, इतकी वाईट गाडी बांधायला फार हुशारी लागते." एकदा आम्ही तिथे दोन तास होतो. पाण्यात कुठले जीव असतात, ते काचेखाली कसे दिसतात, सगळं तिने मला सांगितलं. परीक्षेला विचारलं असतं तर तेवढ्यात मी पहिला आलो असतो.

हे सगळं मी तुम्हाला का सांगतोय? राग येऊन लिहायला बसलो होतो.

तर शेवटची, बारावी वेळ. एकोणीस सप्टेंबर. सव्वानऊला निघालो. पुलाजवळ खलास. चाळीस मिनिटं मी बॉनेटमध्ये डोकं घालून होतो. शेवटी ती एकटीच चालत गेली. जाण्यापूर्वी एकच वाक्य बोलली. ते तुम्हाला सांगणार नाही. त्यानंतर माझ्याशी बोलली नाही. चार पत्रं लिहिली, चारही न फोडता परत आली.

तुमचं इंजिन तेव्हा चाललं असतं, तर आज मी माणसात असतो.

भाचा

*

२ फेब्रुवारी

भाचेबुवा,

'असतं तर, असतो तर.' आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं. कामाचं बोलू.

पेट्रोलचा पंप उघडला. ठणठणीत. कार्बोरेटर धुतला. त्यात कचरा नाही. प्लग चारही कोरडे, स्वच्छ. टाकीचा तळ बघितला. बॅटरी तुझ्या डोक्यापेक्षा थंड. हॉर्न, काच, दार, वायपर हे सगळं खरं आहे, कबूल करतो. पण हॉर्न वाजल्याने गाडी बंद पडत नाही.

आता तुझी यादी. अकरा वेळा बंद पडली आणि अकराही वेळा त्याच पुलाजवळ, सावलीत. बैलाला जागा कळते. घोड्याला कळते. तुझ्या आजोबांना कुठल्या दुकानापाशी थांबायचं ते आंधळेपणीही कळायचं. गाडीला कळत नाही रे. चढावर बंद पडली असती तर मी माझा दोष मानला असता. भर बाजारात पडली असती, तरी मानला असता. झाडांखालीच का पडते, हे मला तीस वर्षं गॅरेजात काढूनही समजलेलं नाही. तू शिकलेला आहेस, अर्धा का होईना. तू सांग.

दुसरी गोष्ट. मंगळवारी चष्मेवाली आली होती. मी आत्याबाईच्या खाली पडलेलो. आधी नुसते बूट दिसले. मग ती वाकली, अगदी तू लिहिलंस तशी, आणि म्हणाली, "मामा, सापडलं का?"

मी म्हटलं, "काय सापडायचं?"

"काही नाही," म्हणाली, आणि उभी राहिली. गाडीच्या टपावर दोनदा हात थापटला, जनावराला थापटतात तसा. शटरवरचं वाचलं. आणि गेली.

मामा

*

८ फेब्रुवारी

मामा,

ती आली होती आणि तुम्ही गाडीखालून बाहेरसुद्धा आला नाहीत? चहा विचारलात का? कशी दिसत होती? केस तसेच बांधते का? माझं नाव काढलं का? हे सोडून तुम्ही मला प्लग कोरडे असल्याचं लिहिता! तुमच्या जागी दगड असता तरी त्याने जास्त विचारपूस केली असती.

टपावर हात थापटला, म्हणजे तिला आठवण येते. गाडीची येते म्हणजे कुणाची येते, हे तुम्हाला नाही कळायचं. तुम्ही आयुष्यभर नटांशी संसार केलात.

आता माझं ऐका. पुरे झालं. गाडी आहे तशी बंद करा आणि तिला सांगा की इंजिन थकलं होतं, कुणाचाच दोष नव्हता. कुणाचाच नाही, म्हणजे तुमचाही नाही, बघा, मी माघार घेतोय. पुढच्या रविवारी येऊन शटर धुऊन देतो. डॉक्टरांच्या घरी जाऊन त्यांच्या पाया पडतो. पण तो डॅशबोर्डचा भाग वगैरे उघडत बसू नका. तिथल्या वायरी जुन्या आहेत, शॉर्ट होऊन गॅरेज पेटेल. तुमच्या काळजीपोटी सांगतोय.

आणि ऐकणार नसाल तर मी स्वतः येऊन त्या गाडीला काडी लावेन. मला ओळखता तुम्ही.

भाचा

*

१५ फेब्रुवारी

अरे चोरा,

डॅशबोर्डचं नाव मी एकाही पत्रात घेतलं नव्हतं. तू घेतलंस.

चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या. पाच महिने ऐकायला मिळतील असं वाटलं नव्हतं. ते बटण मला पहिल्याच दिवशी सापडलं. स्टिअरिंगच्या खाली, डाव्या गुडघ्याला लागेल असं. पांढरं, घरातल्या दिव्याचं. मी ते ओळखलं, कारण तो दिवा ताईला मीच आणून दिला होता, तुझ्या अभ्यासासाठी. बटण दाबलं की इंजिनची ठिणगी बंद. मग बॉनेट उघडायचं, संत्रं खायचं, आणि मन भरलं की गुडघ्याने बटण परत चालू. अभ्यासाचा दिवा विझवून प्रेमाचा लावलास. तरीही दीड महिना मी तुला प्लग आणि पंप ऐकवत बसलो. म्हटलं, दोरी सैल सोडू, स्वतः होऊन बोलेल. तू गॅरेज पेटवायला निघालास.

बोलावून घेतलं चष्मेवालीला. हो, चहा विचारला. बटण समोर ठेवलं. ती हसली नाही, रडली नाही. म्हणाली, "मला तिसऱ्या वेळेपासून ठाऊक आहे. पेनाचं टोपण खाली पडलं ते उचलायला वाकले तेव्हा दिसलं." बाकीच्या आठ वेळा ती जाणून बसली त्या कठड्यावर. ऐकतोयस ना, गाढवा? जाणून. म्हणाली, "वाटायचं, कधीतरी तो स्वतः सांगेल. मग दोघं हसू."

आणि त्या दिवशीचं तुझं न सांगितलेलं वाक्यही तिने सांगितलं. ती म्हणाली होती, "आता पुरे, बटण दाब." आणि तू तिच्या डोळ्यांत बघून म्हणालास, "कसलं बटण?"

दोन बस गेल्या समोरून. एक ट्रकवालाही थांबला होता. प्रत्येकाला तू हात केलास, "जा जा, होतेय चालू." ती म्हणाली, "मी सव्वानऊलाच घरून चालत निघाले असते, तरी इतका उशीर झाला नसता."

आता एक गोष्ट तुझ्या बाजूची. मी मेकॅनिक आहे, खोटं निदान करत नाही. बटण 'चालू'वरच होतं. मागे वायरीचा सांधा सुटलेला होता. तू वायरी नुसत्या हाताने पिळल्या होत्यास आणि वर जखमेची चिकटपट्टी लावलेली. गाडीच्या थरथरीने बाराव्या खेपेला ती सुटली. म्हणजे त्या दिवशी तू बंद केली नव्हतीस. तुलाही कळलं नसणार काय झालं ते. घाबरून थाप मारलीस. एवढी सूट मी तुला देतो.

हे तिला मी सांगितलेलं नाही. सांगायचं असेल तर तू सांग. मी दलाली करत नाही.

मामा

*

२३ फेब्रुवारी

अरे मामा,

आठ दिवस तुझं पत्र खिशात घेऊन फिरतोय. काउंटरवर एक बाई पंखा घेऊन आली आणि म्हणाली, "मी काहीच केलं नाही." मी तिच्यावर इतका ओरडलो की साहेबाने मला घरी पाठवलं. म्हणून आज वेळ आहे.

तू दिलेली सूट घेऊन टाकावी असं सात दिवस वाटलं. फार सोयीची आहे. बटण चालू होतं, पोरगा निर्दोष, घाबरून थाप मारली. तिला तेवढंच कळवलं असतं तर कदाचित पाचवं पत्र परत आलं नसतं.

पण तसं नाही रे.

गाडी थांबली तेव्हा मी गुडघ्याने बटण तीन-चारदा खालीवर केलं. काही होईना. तेव्हाच डोक्यात आलं की सांधा सुटला. माझ्या हातचा सांधा, मला माहीत नसेल तर कुणाला? खाली वाकून दोन वायरी जोडायच्या, मिनिटाचं काम. पण ती माझ्या बाजूच्या खिडकीशी उभी होती, काचेच्या चिमट्यावर हात ठेवून. वाकलो असतो तर बटण दिसलं असतं. तिला आधीच दिसलंय हे मला कुठे ठाऊक? म्हणून मी तिथून उठलो आणि बॉनेटमध्ये डोकं घातलं, जिथे काहीच बिघडलेलं नव्हतं. चाळीस मिनिटं नुसता हात काळे करत होतो. ती थोडी लांब गेली की पटकन वाकू, या आशेवर बस घालवल्या. ती हलली नाही. मग तिने बटण म्हटलं आणि मी म्हटलं, कसलं.

ती दिसेनाशी झाल्यावर मी वायरी जोडल्या. गाडी पहिल्या किल्लीला चालू झाली. तिच्या मागे गेलो असतो तर वेळेत सोडलं असतं तिला. पण चालू गाडी घेऊन कुठल्या तोंडाने जाणार? तिथेच बसून राहिलो. मग वायरी परत सोडून ठेवल्या, आणि गाडी रस्त्यावर टाकून तुझ्या शटरकडे आलो. कुणाचातरी दोष असायला हवा होता, आणि तुझा रंगाचा डबा उघडाच होता.

तू मला सात दिवस निर्दोष ठेवलंस, त्याबद्दल आभार. झेपलं नाही.

रविवारी अकराला येतो. पाचही जणांना बोलावून ठेव, डॉक्टरांना मी आणतो. मजकूर ठरवलाय: 'गाडी चांगली होती. बिघडवली मी. - भाचा.' चौकातल्याला हसू दे.

तिला काय लिहू, सुचत नाही. लिहिणार नाही. दिव्याचं बटण तेवढं काढून ठेव, आईच्या दिव्याला लावून देतो.

तुझा भाचा

*

२७ फेब्रुवारी

भाच्या,

तुझं पत्र चष्मेवालीला वाचायला दिलं. तुला विचारलं नाही. शटर रंगवताना तू मला विचारलं होतंस?

तिने उभ्याने वाचलं. शेवटच्या पानापाशी आली तशी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग चष्मा काढून पुसला आणि तुझ्यासाठी एक शब्द वापरला, तो मी लिहीत नाही, मुलीच्या तोंडी शोभला नाही पण तुला शोभतो. मग म्हणाली, "किल्ली द्या."

काल ती गाडी घेऊन गेली आहे. वायरी मी नीट जोडल्यात. बटण काढलंय, ताईकडे दिलंय. हॉर्न डावीकडे अजून वाजतो, तो राहू द्या म्हणाली.

रविवारी वेळेवर ये. रंग लाल, ब्रश तोच. पाच जण येतील. डॉक्टरांना आणायची गरज नाही, त्यांनी शटर कधी बदलतंय म्हणून स्वतःच निरोप पाठवलाय. माझ्याकडून अजून माफी-बिफी समजू नकोस. आधी अक्षर बघू.

रंगवून झालं की तुला पुलाशी जायचंय. तिचा निरोप आहे: आत्याबाई तिथे बंद पडलेली असेल, धक्का मारायला माणूस लागेल. ती आत बसेल, तू मागून ढकलायचं, प्रयोगशाळेच्या दारापर्यंत. चार किलोमीटर. मी म्हटलं, अगं, आता ती पहिल्या किल्लीला चालू होते. ती म्हणाली, "ते त्याला सांगू नका."

मधे चढ आहे. पोटभर जेवून ये. आणि मी तुला काही सांगितलेलं नाही.

मामा